तंबाखूची सूट

यंत्राचं कागदोपत्री नाव ‘श्वासवेध’ होतं, पण केंद्रातल्या आयाबायांपासून रखवालदारापर्यंत सगळे त्याला फुंकणीच म्हणत. त्यात काही चूकही नव्हतं. नळी तोंडाला लावायची आणि फुंकायचं, एवढंच काम. चुलीपुढे जन्म काढलेल्या बायकांना ते शिकवावं लागत नसे. शिकलेल्या माणसांनाच हेमांगीला पुन्हा पुन्हा सांगावं लागे, “जोरात नाही, सावकाश.”

डॉ. हेमांगी चौगुले या यंत्राची मास्तरीण होती. मास्तरीण म्हणायचं कारण असं, की यंत्राला जन्मतः काहीच कळत नव्हतं. शरीरातली प्रत्येक पेशी काही ना काही जाळून जगते. त्या जळणातून उडून जाणारी द्रव्यं तयार होतात, ती रक्तात मिसळतात, रक्त फुप्फुसात आलं की श्वासाबरोबर बाहेर पडतात. कॅन्सरच्या पेशींचं जळण वेगळं असतं, म्हणून त्यांचा वासही वेगळा असतो. आपल्या नाकाला तो कळत नाही. फुंकणीच्या पोटात कार्बनची एकाच अणूच्या जाडीची जाळी होती. तिच्यावर वासाचा रेणू बसला की तिच्यातून वाहणारी वीज किंचित हलायची आणि पडद्यावर एक रेघ उमटायची, चढउतारांची. कुणाची रेघ आजाऱ्याची आणि कुणाची धडधाकट माणसाची, हे मात्र माणसानंच सांगायचं. हजारो रेघा दाखवून, प्रत्येकीवर शिक्का मारून. शिक्का खोटा असला तरी यंत्र तो खरा मानून शिकतं. ते उलटून विचारत नाही.

आजारी माणसांना केंद्रात तोटा नव्हता. सांगली, कोल्हापूर, थेट विजापूरपर्यंतची माणसं तिथं यायची. अडचण धडधाकट माणसांची होती. ती हॉस्पिटलात कशाला तडमडतील? म्हणून सगळ्या प्रयोगशाळांत चालतं तेच इथंही चाले. जो तो आपल्या घरच्यांना धरून आणायचा. कुणाची बहीण, कुणाचा भाडेकरू. हेमांगीनं तात्यांना आणलं.

तात्या म्हणजे तिचे सासरे, मारुती चौगुले. उभा जन्म एस.टी.चं स्टेअरिंग फिरवलं, आता निवृत्त. त्यांना हे काम फारच आवडलं. दर गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते केंद्रात हजर होत, रखवालदारापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची चौकशी करत, फुंकत, चहा घेत आणि संध्याकाळी पारावर जाऊन सांगत, “आमच्या सूनबाईच्या मशिनला माझ्याबिगर चालत न्हाई.”

फुंकण्याआधी प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा, असा नियम होता. गेल्या दोन दिवसांत तंबाखू, मिश्री, मावा, काही घेतलंय का? उत्तर त्या माणसाच्याच तोंडून, त्याच्याच आवाजात यंत्रात भरून घ्यायचं. हा नियम हेमांगीनंच केला होता. कारण तंबाखूनं यंत्राच्या नाकी नऊ आणले होते. तंबाखू खाणाऱ्याच्या रेघेवर नेमका संशयाच्या जागी उंचवटा यायचा आणि चांगल्या माणसाला लाल दिवा लागायचा. त्यात कबूल करणारे थोडे. ‘छे, छे’ म्हणत म्हणत गालातली गोळी या बाजूची त्या बाजूला करणारे जास्त.

तात्यांच्या रेघेवर असाच एक बारीक उंचवटा दिसू लागला.

हेमांगीनं तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिला हसू आलं. तात्यांची तंबाखू सोडण्याची कथा घरात सत्यनारायणाच्या कथेसारखी पाठ होती. नात जन्मली, आर्वी, त्या दिवशी तात्यांनी कृष्णेच्या पुलावर गाडी थांबवून चंची नदीत फेकली होती. आल्यागेल्याला ते ती गोष्ट सांगत, म्हणून तो प्रश्न तिनं त्यांना आजवर विचारलाच नव्हता. अशा माणसाला, आणि तोही सासरा, समोर बसवून ‘तंबाखू खाल्ली का?’ असं कसं विचारायचं? विचारणं म्हणजे ‘तुम्ही खोटं बोलता’ असं तोंडावर म्हणण्यासारखंच झालं. बरं, प्रयोगशाळेत चार माणसं ऐकणार.

तिनं विचारलं नाही. प्रश्नाच्या जागी स्वतःच कळ दाबली. शिक्का उमटला, ‘निरोगी, तंबाखू.’ आपण सासऱ्यांची अब्रू राखली, असं तिला वाटलं. तिला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

पुढच्या गुरुवारी उंचवटा होताच. त्याच्या पुढच्याही. आणि तो वाढत होता.

“तात्यांचं पुन्हा सुरू झालंय,” तिनं नवऱ्याला सांगितलं.

सुहासनं वर्तमानपत्र खाली केलं. “तरीच आवाज बसलाय. खोकतातही.”

“बोलशील का तू?”

“मी? नको बाबा. म्हाताऱ्या माणसाची मान खाली जाईल. नकळत सुटली तर बघू.”

नकळत सोडवण्यासाठी तिनं तात्यांच्या उशाशी भाजलेल्या बडीशेपेची डबी ठेवली. तात्यांनी ती आवडीनं खाल्ली, संपली की पुन्हा मागितली. आर्वीची गादी आजोबांच्या खोलीतून आईबाबांच्या खोलीत आली. अभ्यासाला उजेड हवा, असं कारण सांगितलं गेलं. 

इकडे हेमांगीला एक चांगली युक्ती सुचली होती. निरोगी पण तंबाखू खाणाऱ्या माणसांच्या रेघा एकत्र करायच्या, त्यांत जे समान आहे ते वेगळं काढायचं आणि यंत्राला शिकवायचं, की असा उंचवटा दिसला तर तो वजा कर, माणसाला सोड. या हिशेबाला केंद्रात ‘तंबाखूची सूट’ असं नाव पडलं. खरं बोलून एकदोनदा फुंकून गेलेले थोडे होते. दर गुरुवारी येणारे एकटे तात्या. त्यामुळे ती सूट बव्हंशी तात्यांच्याच श्वासावर उभी राहिली. सूट दिली आणि खोटे लाल दिवे झपाट्यानं कमी झाले. विभागप्रमुख डॉ. शहनाज मुल्ला यांनी परिषदेत तिचं नाव घेऊन कौतुक केलं. तालुक्यातालुक्यांत फिरण्यासाठी फुंकण्या बसवलेल्या गाड्या तयार झाल्या. सोमवारी त्या निघणार होत्या. हार, नारळ, सगळं ठरलं होतं.

त्याआधीच्या आठवड्यात शेवंताबाई आल्या.

त्या जत तालुक्यातल्या. मिश्री लावायच्या, आणि तसं मोकळेपणानं सांगायच्याही. वर्षभरापूर्वी, सूट नुकतीच लागू झाली तेव्हा, शिबिरात त्या फुंकणीत फुंकून गेल्या होत्या आणि हिरवा दिवा लागला म्हणून सगळ्यांना साखर वाटून गेल्या होत्या. आता त्यांच्या घशातल्या गाठीचा तुकडा तपासून झाला होता. कॅन्सर होता, आणि आजचा नव्हता.

हेमांगी बाह्यरुग्ण विभागात त्यांना भेटायला गेली. शेवंताबाईंनी तिला ओळखलं. गळ्यावरचा पदर नीट करत त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, “बाई, तुमच्या मशिनचा दोष न्हाई. मीच फुकायला कमी पडली आसंन.”

 “नाही हो मावशी, तुम्ही बरोबर फुंकलं होतं,” एवढंच म्हणून हेमांगी परत आली.

तिनं शेवंताबाईंची जुनी रेघ काढली. सूट दिलेली रेघ गुळगुळीत होती. मग तिनं सूट काढून टाकली आणि तोच श्वास यंत्राला पुन्हा वाचायला दिला. उंचवटा वर आला. डावीकडे सरळ चढ, माथ्यावर छोटी खाच, उजवीकडे लांब उतार.

ती खाच तिच्या ओळखीची होती. मिश्रीच्या किंवा तंबाखूच्या खऱ्या उंचवट्याला खाच नसते. इतके दिवस तिला ती दिसली नव्हती असं नाही. ‘तात्यांची तंबाखू कुठल्या तरी वेगळ्या छापाची असेल’ असं म्हणून तिनं ती सोडून दिली होती.

तात्यांच्या सगळ्या गुरुवारांच्या रेघा तिनं एकावर एक ठेवल्या. आधी सपाट जमीन, मग टेकाड, मग त्या टेकाडावर खाच. गुरुवारागणिक वाढणारी. यंत्र पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होतं आणि तिनं त्याला गप्प बसायला शिकवलं होतं. नुसतं गप्प नाही. असलं काही कुणाच्याही घशात दिसलं तरी सोडून द्यायचं, हेही शिकवलं होतं.

इथं खरं ते सांगितलं पाहिजे. हेमांगीच्या मनात पहिला विचार तात्यांचा आला नाही. पहिला विचार सोमवारचा आला. हार, नारळ, मुल्ला मॅडम, परिषदेतल्या टाळ्या. सूट गुपचूप काढून टाकावी, ‘थोडी सुधारणा केली’ म्हणावं, कुणाला काय कळतंय? तात्या तिला त्यानंतर आठवले. आणि ते नंतर आठवले, याची तिला इतकी लाज वाटली, की शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं ‘मॅडम, बरं नाही का?’ असं विचारल्यावर तिनं तोंड फिरवलं.

ती तशीच घरी गेली. दुपार होती. सुहास कामावर, आर्वी शाळेत. तात्या स्वयंपाकघरात जेवत बसले होते. भाकरी आमटीत कुस्करून तिचा पार काला केला होता, आणि एकेक घास गिळताना मान किंचित पुढे काढत होते. असे ते कधीपासून जेवत होते? कवळी नीट बसत नसेल, असं घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं.

“आज लौकर?” तात्या म्हणाले.

ती त्यांच्यासमोर पाटावर बसली. “तात्या, घशात काही लागतंय का?”

तात्यांनी घास खाली ठेवला. पाणी प्यायले. पाण्यालाही वेळ लागला.

“लागतंय थोडं.”

“कधीपासून?”

“झालं की बरंच दिवस. मागल्या उन्हाळ्याच्या आधीपास्नं.”

“मग बोलला का नाही?” तिचा आवाज चढला. ज्याचं चुकतं त्याचाच आवाज आधी चढतो. “मी रोज कॅन्सरच्या पेशंटमध्ये असते, आणि तुम्ही मला सांगत नाही?”

तात्यांनी ताटाकडे बघत सांगितलं, “बोललो असतो तर तुमी म्हनला असता, खा आनखी तंबाखू.”

तिनं त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं.

“मला कळत न्हाई व्हय हेमा? तू बडीशेप ठिवलीस. पोरीची गादी हलवली. एकदा मी आडवा पडलो हुतो, तर सुहासनं माझ्या खिशात हात घालून बघितलं. मी झोपल्याचं सोंग केलं. उठलो असतो तर पोरगं शरमलं असतं.” ते थांबले, घसा साफ केला, तो काही साफ झाला नाही. “म्हटलं, ह्यांचा समजच झालाय, तर आता नुसतं न्हाई म्हनून कोन इश्वास ठेवनार? गप बसलो.”

“खरंच नव्हती खाल्ली?”

हे तिनं आत्ता विचारलं. विचारल्याबरोबर तिला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. “आर्वीची आन घेतली हुती मी,” ते म्हणाले आणि उरलेला काला कालवू लागले.

मग तिनं सगळं सांगितलं. उंचवटा, शिक्का, सूट, शेवंताबाई. तात्यांना यंत्रातलं फारसं कळत नव्हतं, पण गाडीतलं कळत होतं. ऐकून ते म्हणाले, “म्हंजी टेंपरेचरचा काटा वर चाललाय, आन तू म्हनलीस काटाच खराब हाय.”

“हो.”

“आन सगळ्या गाड्यांचं काटं तसंच करून ठिवलंस.”

“हो तात्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्यांना केंद्रातल्या घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. दुर्बीण घालून बघायला वेळ लागला नाही. स्वरयंत्रावर गाठ होती, आसपास पसरलेली. डॉक्टर हेमांगीचे ओळखीचे होते. त्यांनी बाहेर येऊन तिला हळूच सांगितलं. जीव वाचायला हरकत नाही, पण स्वरयंत्र काढावं लागेल. श्वास मानेत केलेल्या छिद्रातून घ्यावा लागेल. वर्षभर आधी सापडलं असतं तर नुसत्या किरणांवर भागलं असतं, आवाज राहिला असता. सुहास भिंतीला टेकून उभा होता.  बापाच्या खिशात घातलेला स्वतःचाच हात त्याला आठवत असावा.

तिथून हेमांगी मुल्ला मॅडमच्या खोलीत गेली. जिना चढताना तिनं वाक्य तयार केलं होतं, ‘तंबाखूच्या सूट-हिशेबात काही नमुने सदोष निघालेत, गाड्या थोड्या पुढे ढकलाव्यात.’ वाक्य चांगलं होतं. त्यात कुणी माणूसच नव्हतं.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “कुठले नमुने?”

वाक्य तिथंच संपलं. “माझ्या सासऱ्यांचे,” ती म्हणाली. “त्यांना मी तंबाखूचा प्रश्न कधी विचारलाच नाही. मनानंच शिक्का मारला. प्रत्येक गुरुवारी.”

“का नाही विचारलं?”

“सासऱ्यांना कसं विचारायचं, मॅडम?”

“रोज परक्या पुरुषांना संडासला कसं होतं ते विचारतेस तू.” मॅडमचा आवाज शांत होता, त्यामुळे ते जास्त लागलं. “परक्याचा अपमान झाला तर चालतो. घरच्याचा नको.”

 मॅडमनी खिडकीबाहेर, रंगवून उभ्या केलेल्या गाड्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “गाड्या थांबवते. सूट देऊन सोडलेल्या प्रत्येकाला परत बोलवायचं. फोन तू करायचे. कारणही तूच सांगायचं, हेच, जसं मला सांगितलंस तसं.”

“हो.”

“आणि ते नमुने पुसू नकोस.” त्या तिच्याकडे वळल्या. “हा रोग सुरू होताना कसा दिसतो, हे आजवर कुणाला बघायला मिळालेलं नाही. माणूस आमच्याकडे येतो तोवर उशीर झालेला असतो. तुझे सासरे आधीपासून दर आठवड्याला फुंकून गेलेत. शिक्के खरे केले तर फुंकणी असलं दुखणं पहिल्या महिन्यातच पकडायला शिकेल. पण नियम तुझाच आहे. उत्तर त्या माणसाच्या तोंडून, त्याच्याच आवाजात.”

शस्त्रक्रिया शुक्रवारी ठरली होती. गुरुवारी तात्या प्रयोगशाळेत आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. सुहास आर्वीलाही घेऊन आला होता, तात्यांनीच सांगितलं होतं. मुल्ला मॅडम, शेजारच्या टेबलावरची मुलगी, रखवालदार, सगळे होते. हेमांगीला हे एकट्यानं, दार लावून करायचं होतं. तात्या म्हणाले होते, “दार कशाला? शिक्का तरी दार लावून मारला हुतास, तेवढं बास झालं.” तिला वाटलं, ते चिडलेत. पण ते तिची थट्टा करत होते, आणि थट्टेनंच तिचे डोळे भरून आले.

ते नेहमीच्या खुर्चीत बसले. हेमांगीनं नळी पुसली. पडदा सुरू केला. प्रश्न पडद्यावर आला.

“तात्या,” ती म्हणाली.  आर्वी तिच्याकडे बघत होती. “गेल्या दोन दिवसांत तंबाखू, मिश्री, मावा, काही घेतलंय का?”

तात्या पुढे वाकून यंत्राच्या भोकाजवळ आले, जुन्या फोनवर बोलावं तसे. “न्हाई,” ते म्हणाले. मग जरा मागे सरकून, आर्वीला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले, “न्हाई.”

त्यांनी फुंकलं. जोरात नाही, सावकाश. रेघ उमटली, खाचेसकट. हेमांगीनं शिक्का मारला, ‘कॅन्सर. तंबाखू नाही.’ नव्या नमुन्याचं काम झालं होतं. तिनं पडदा बंद करायला हात पुढे केला.

“आन मागचं?” तात्यांनी विचारलं.

“मागच्या सगळ्यांचं मिळून एकच उत्तर घेते ना. तुम्हाला बोलायला त्रास होतोय.”

“कसं काय एकच? शिक्का एकेक मारलास, तर एकेक इचार.” त्यांनी पाण्याचा घोट घेतला, मान पुढे काढून तो गिळला. “आज हाय आवाज तवर इचार. उद्या मी काय सांगनार?”

 हेमांगीनं उंचवटा दिसलेला अगदी पहिला गुरुवार काढला. त्या दिवशी तात्या तिच्यासाठी येताना पेरू घेऊन आले होते, हे तिला आठवलं. ती त्यांच्याकडे न बघता वाचू लागली, मग थांबली, मान वर केली आणि त्यांच्या डोळ्यांत बघून विचारलं. तात्या म्हणाले, “न्हाई.” तिनं जुना शिक्का खोडला, नवा मारला. पुढचा गुरुवार काढला, विचारलं. “न्हाई.” त्याच्या पुढचा. “न्हाई.” आवाज घोगरा, मध्येच तुटणारा, पण प्रत्येक वेळी पुरा. चौथ्यापाचव्या वेळी तिला रडू आवरेना. तिनं पदरानं तोंड झाकलं आणि म्हणाली, “तात्या, माझं चुकलं हो. पुरे करू या आता.”

तात्यांनी हात लांब करून तिच्या डोक्यावर ठेवला. मग पडद्याकडे बोट दाखवलं.

“फुडचा काढ,” ते म्हणाले.